ऋण ३८०

काका, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातली. दहावीपर्यंत मराठी माध्यम, मग पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्स. या वर्षी सेकंड पीयूसीला ९३ टक्के पडले, गणितात ९८. मला गणितच शिकायचं आहे. सीईटी दिली ती घरच्यांसाठी, इंजिनिअरिंगला जायचं मनात नाही. पुण्याचे मामा म्हणतात, बीएस्सीच करायची तर तिकडच्या एका खासगी विद्यापीठात चार वर्षांची ऑनर्स कर, नाव असलं की पॅकेज मिळतं. फी, हॉस्टेल, मेस धरून वर्षाला अडीच लाख. बाबांची भातशेती आणि थोडा ऊस, आई शिलाई करते, भाऊ नववीत. घरातून अडीच लाख उभे राहतील, उरलेले साडेसात लाख शैक्षणिक कर्ज. बेळगावात कॉलेज केलं तर सगळं मिळून वर्षाला पंधरा हजारांत भागतंय. बाबा म्हणतात, गणित घेऊन शेवटी मास्तरीणच होणार, मग एवढं कर्ज कशाला? मामा म्हणतात, हे कर्ज नव्हे, गुंतवणूक आहे. मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. काय करू?
— गोंधळलेली, खानापूर

पोरी, आधी अभिनंदन. ते दोन मार्क कुठे गेले हे तुला नक्की ठाऊक असणार, आणि अजून टोचत असणार. ज्याला टोचतं त्यानंच गणित घ्यावं. तेव्हा गणित घ्यायचं की नाही यावर मी शाई खर्च करत नाही. घे.

माझीही बीएस्सी गणितातलीच, बेळगावातली. राणी चन्नम्मा विद्यापीठ २०१० मध्ये आलं. आमच्या वेळी इथली कॉलेजं धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होती. मग बँकेत लागलो आणि सगळी नोकरी दुसऱ्यांचे हप्ते मोजण्यात गेली. त्यामुळे तुझं पत्र वाचून झाल्यावर हात आपोआप कागदाकडेच गेला. तूही कागद घे, माझी बेरीज तपास.

साडेसात लाख चार वर्षांत चार समान भागांत उचलले असं धरू. दर वर्षी १,८७,५००. व्याज १० टक्के धरू, तुझ्या बँकेचा दर थोडा इकडे-तिकडे असेल. शिकत असताना आणि त्यानंतर एक वर्ष बँक हप्ता मागत नाही. बँकेच्या भाषेत हे मोरॅटोरियम. माणूस फसतो तो इथेच, कारण थांबतो तो हप्ता, व्याजाचं मीटर चालूच असतं. या काळात व्याज सरळ व्याजानं लागतं. पहिल्या वर्षी उचललेल्या रकमेवर पाच वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार, मग तीन, मग दोन. एकूण चौदा वर्षांचं व्याज १,८७,५०० वर, म्हणजे २,६२,५००. पाच वर्षांनी पहिला हप्ता भरायला जाशील त्या दिवशी तुझं कर्ज साडेसात लाख नसेल, १०,१२,५०० असेल. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण १३,३८०. पंधरा वर्षांत फेडायचं तर १०,८८०, पण मग एकूण भरणा साडेएकोणीस लाखांच्या वर जातो.

आता दुसरी बाजू. नुसती बीएस्सी करून पुण्याला, बेंगळुरूला गेलेली आपल्याकडची जी पोरं माझ्या ओळखीत आहेत, ती सुरुवातीला वीस ते तीस हजारांवर लागली. मधला आकडा घे, २५,०००. पीजीतली कॉट, मेस, बस, मोबाइल यांचे १२,००० काढ, म्हणजे फार काटकसरीनं. राहिले १३,०००. हप्ता १३,३८०.

उत्तर ऋण ३८०. ऋण संख्या आणि ऋण म्हणजे कर्ज, दोन्हींना मराठीत एकच शब्द का आहे हे मला शाळेत कुणी शिकवलं नाही. बँकेच्या काउंटरवर कळलं.

हप्ता पगाराच्या पाचव्या भागाच्या आत असावा, हा माझा जुना ठोकताळा. त्या हिशेबानं तुला पहिल्याच नोकरीत ६७ हजारांच्या आसपास पगार हवा. मिळणारच नाही असं मी म्हणत नाही. गणितवाल्यांना तेवढा आणि त्याहून बराच जास्त पगार मिळतो. पण कधी मिळतो, हे मामांना विचार.

कारण गणिताच्या पदवीचा पैसा उशिरा येतो. इंजिनिअरिंगची पदवी बरी-वाईट कशीही असली तरी तिथे शिडी संपते आणि नोकरीचं दार येतं. गणितात बीएस्सी हा मधला कट्टा आहे. एमएस्सी, नाहीतर बीएड, नाहीतर संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटरची जोड, नाहीतर एखादी स्पर्धा परीक्षा, असं काहीतरी वर चढल्याशिवाय त्या पदवीला भाव नाही. त्यात आणखी दोन-तीन वर्षं जातात. बँकेचा हप्ता मात्र ठरलेल्या तारखेला येतो. तुझं एमएस्सीचं पहिलं वर्ष संपेपर्यंत हप्ता दारात उभा.

हे पुस्तकातलं सांगत नाही. माझ्या पुतण्यानं नेमकं हेच केलं आणि त्याच्या अर्जावर ‘हो, घे की’ म्हणणारा मीच होतो. पोरगं हुशार, बीएस्सी खासगी संस्थेत कर्जावर केली, मग एमएस्सीला गेला. पुढचं शिक्षण चालू असेल तर मोरॅटोरियम वाढवून मिळू शकतं, पण तसा अर्ज वेळेत करावा लागतो. तो राहिला, म्हणजे मीही विसरलो. हप्ते थकले. कर्जात सहकर्जदार म्हणून माझ्या भावाची सही. पुढच्या हंगामात भाऊ पीककर्ज नवं करून घ्यायला गेला तर सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या पतीचा, आकडा खाली आलेला. शून्य टक्क्याचं पीककर्ज सोडून त्याला सौहार्द सोसायटीच्या (सहकारी पतसंस्थेच्या) चढ्या व्याजाला उभं राहावं लागलं. पुतण्याचं पुढं चांगलं झालं, कर्ज फिटलं, पण भावानं मला त्या वर्षी दिवाळीला बोलावलं नव्हतं. शैक्षणिक कर्ज पोरीच्या नावावर असतं असं बाबांना वाटत असेल तर त्यांना हे सांग. सही दोघांची असते आणि रेकॉर्डही दोघांचं बिघडतं. मागून भाऊ आहे तुझा, नववीत. चार वर्षांनी त्याच्यासाठी बाबांना पुन्हा त्याच बँकेत बसावं लागेल.

साडेसात लाखांपर्यंत तारण लागत नाही, म्हणून एजंट नेमका तेवढाच आकडा सुचवतात. सरकारची हमी योजना तिथपर्यंत बँकेला सांभाळते. बँकेला. तुला नाही.

मामा आणखी दोन गोष्टी सांगतील, त्यांचं आधीच उरकतो. एक, व्याजाची केंद्र सरकारची सवलत. साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना मोरॅटोरियमचं पूर्ण व्याज माफ करणारी योजना तांत्रिक आणि व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी आहे, साध्या बीएस्सीला ती लागत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मीत आठ लाखांपर्यंत उत्पन्नाच्या घरांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरॅटोरियमपुरती ३ टक्के सूट आहे, पण ते विद्यापीठ योजनेच्या यादीत असेल तरच, आणि तीही देशभरात वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांनाच. मिळालीच तर तुझे ७८,७५० वाचतील. पहिल्या हप्त्याच्या दिवशी ९,३३,७५० उरतील, फार फरक नाही. दोन, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकर सूट. ती जुन्या करपद्धतीत आठ वर्षं मिळते. ज्याला आयकरच लागत नाही त्याला तिचा उपयोग शून्य.

आता ‘नाव असलं की पॅकेज’. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात सरासरी पॅकेज छापलेलं असतं. तू गणितवाली, तुला हे मी सांगायचं म्हणजे अतीच, पण दहा जणांपैकी नऊ जणांना तीन लाख आणि एकाला तेहेतीस लाख मिळाले तर सरासरी सहा लाख येते, आणि सहा लाख तर कुणालाच मिळालेले नसतात. फोन कर आणि मध्यक विचार, म्हणजे सगळे पगार चढत्या क्रमानं लावले तर बरोबर मधला. गणित विभागाचाच विचार, बीटेक-बीसीए मिसळलेला नको. मागच्या वर्षी गणित ऑनर्सला किती जण होते, त्यांतल्या किती जणांना कॅम्पसवर नोकरी लागली, किती एमएस्सीला गेले आणि कुठे. या प्रश्नावर पलीकडचा माणूस ‘मॅडम, तुम्ही एकदा कॅम्पस व्हिजिटला या’ म्हणाला तर उत्तर मिळालं असं समज.

बेळगावात राहिलीस तर काय होईल? तीन वर्षांचे ४५,०००. बाबांच्या अडीच लाखांतले २,०५,००० शिल्लक, एक रुपया कर्ज नाही. कर्नाटकात २०२१ मध्ये चार वर्षांची ऑनर्स आणली होती, २०२४ पासून पुन्हा तीन वर्षांची पदवी झाली; त्यामुळे इथे तुझं एक वर्षही वाचतं. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना राज्यातल्या साध्या सरकारी बसला तिकीट नाही, आधार कार्ड दाखव आणि बस. खानापूरची गाडी उद्यमबागेवरून टिळकवाडीत येते, कॉलेजं तिथेच. सकाळची एक बस चुकली की पहिलं लेक्चर गेलं, हे मात्र धरून चाल.

त्यावर शिष्यवृत्त्या. बोर्डात आपल्या शाखेच्या वरच्या वीस टक्क्यांत असलेल्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या मुलांना केंद्राची शिष्यवृत्ती पदवीला वर्षाला १२,००० देते. ९३ ला तू त्यात बसायला हवीस, अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. राज्याची रैत विद्यानिधी २०२१ मध्ये आली, शेतकऱ्याच्या मुलीला बीएस्सीसाठी ५,५००; तिला बाबांचा शेतकरी नंबर, तो एफआयडी, लागतो. दोन्ही एकदम मिळतील असं धरू नकोस, एकीवर दुसरी चालत नाही असा नियम असतो. इन्स्पायर नावाची वर्षाला ८०,००० ची शिष्यवृत्ती आहे, तिला बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यात यावं लागतं. ९३ वर अवघड आहे, पण कट-ऑफ पाहिल्याशिवाय सोडू नकोस. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज नाडकचेरीत, म्हणजे महसूल खात्याच्या कचेरीत, आजच टाक. जूनमध्ये तिथली रांग बघून माणूस शिष्यवृत्ती नको म्हणतो.

पण एक गोष्ट लपवत नाही. आपल्याकडच्या कॉलेजात गणित परीक्षेपुरतं शिकवलं जातं. सिद्धता पाठ करून लिहायच्या, पाच वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवायच्या, संपलं. मामांच्या विद्यापीठात कदाचित जास्त चांगलं शिकवत असतील. ती तूट तुलाच भरून काढावी लागेल, आणि त्याला पैसा कमी, हट्ट जास्त लागतो. आयआयटी आणि आयआयएस्सीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं एनपीटीईएल या संकेतस्थळावर फुकट आहेत. रिअल ॲनालिसिस आणि लिनिअर अल्जिब्रा पहिल्या वर्षापासून तिथून लाव, कॉलेजात ते प्रकरण कधी येतंय याची वाट बघू नकोस. एमटीटीएस नावाचं उन्हाळी शिबिर १९९३ पासून चालतं, बीएस्सीच्या मुलांना चार आठवडे खरं गणित करायला लावतात, राहण्याजेवणाची सोय असते. त्यात निवड झाली तर तुला चार आठवड्यांत कळेल की तुला गणित आवडतं, की गणितात मार्क पडलेले आवडतात. दोन्हींत फरक आहे. मला तो बँकेत लागल्यावर कळला.

विषय निवडताना गणिताच्या जोडीला संख्याशास्त्र किंवा कॉम्प्युटर सायन्स मिळतंय का बघ. पगाराच्या दृष्टीनं त्या एका जोडीचा फायदा मामांच्या विद्यापीठाच्या नावापेक्षा जास्त. यूपीएससीच्या भारतीय सांख्यिकी सेवेला पदवीत संख्याशास्त्र हा विषय असावा लागतो. केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या (एसएससी) सीजीएल परीक्षेतलं कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी हे पद बारावीच्या गणितात ६० टक्के असले की कुठल्याही पदवीवर चालतं, मूळ पगार ३५,४००. म्हणजे अर्धी पात्रता तू या एप्रिलमध्येच मिळवलीस.

आणि तिसऱ्या वर्षी जॅम. आयआयटींत एमएस्सीला जायची ही परीक्षा, तीन तास, १०० मार्क. गणिताचा पेपर वेगळा, गणिती संख्याशास्त्राचा वेगळा, दोन्ही देता येतात. पेपर तपासताना पोरगी टिळकवाडीतली की पुण्याची, हे कुणी बघत नाही. नावाचं कॉलेज हवं असेल तर ते तिथे घे, दोन वर्षांसाठी, आणि ते शिल्लक २,०५,००० तिथे खर्च कर. कमी पडले आणि लाख-दीड लाख कर्ज काढावं लागलं तर मी स्वतः तुझ्याबरोबर बँकेत येईन. ते कर्ज शिडीच्या शेवटच्या पायरीवरचं आहे, त्यानंतर पगार लगेच दिसतो. पुढे संशोधनाला गेलीस तर नेट-जेआरएफचं (प्राध्यापकी-संशोधनासाठीच्या देशपातळीच्या परीक्षेतून मिळणारं) विद्यावेतन जानेवारी २०२३ पासून महिना ३७,००० आहे.

बेंगळुरूच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटच्या बी.मॅथबद्दल कुणी सांगितलं नाही का तुला? तिथे शिकवणीची फी नाही, उलट दरमहा विद्यावेतन मिळतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटमध्येही चांगल्या मुलांना फीमाफी आहे. दोन्हींची प्रवेशपरीक्षा मे महिन्यात होते आणि ती बारावीच्या पेपरसारखी बिलकूल नसते. जुने पेपर त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. आज रात्री एक उघड. तीन तासांत दोन प्रश्न जरी धड सुटले तरी बेळगावात प्रवेश घे आणि पुढच्या मेमध्ये ती परीक्षा दे. एक वर्ष गेलं तर १५,००० गेले.

बाबांचं ‘मास्तरीण’ही थोडं बघू. केंद्रीय विद्यालयात बीएडवाल्या पदवीधर शिक्षिकेचा मूळ पगार ४४,९०० पासून, एमएस्सी-बीएडवालीचा ४७,६०० पासून. कॉलेजात नेट किंवा केसेट (राज्याची तशीच परीक्षा) होऊन कायम झालीस तर ५७,७००. वर महागाई भत्ता. बाबांना हे आकडे मोठ्यानं वाचून दाखव. मात्र जागा कमी, भरती रखडलेली, आणि कायम होईपर्यंत गेस्ट लेक्चरर म्हणून ताटकळणारे एमएस्सी बेळगावात पैशाला पासरी, हेही त्याच दमात सांग. राज्याच्या युवानिधीचे महिना ३,००० बेकार पदवीधराला दोन वर्षं मिळतात, पण पदवीनंतर सहा महिने नोकरी नसेल तेव्हा. ते कुठल्याही हिशेबात धरू नकोस.

आपण सीमेवरचे, त्यामुळे दोन दारं आहेत. तुझं गाव महाराष्ट्रानं दावा सांगितलेल्या ८६५ गावांच्या यादीत असेल, खानापूरची बरीच आहेत, तर मराठी भाषिक म्हणून तिकडच्या शिक्षणात काही सवलती आणि नोकरभरतीत अर्जाची मुभा आहे. एमएस्सीला कोल्हापूरचा विचार करशील तेव्हा शिवाजी विद्यापीठात याची चौकशी कर. आणि इकडच्या दारासाठी कन्नड. राज्याच्या नोकरभरतीत कन्नडची परीक्षा असते. घरात काय बोलायचं ते बोला, मोर्चाला जायचं तर जा, मी पण गेलोय. पण कन्नड लिहिता-वाचता ठेव. ती आता तुझ्यासाठी पगाराची गोष्ट आहे.

एवढं सगळं वाचूनही पुण्यालाच जायचं ठरलं, तर निदान शिकत असताना महिन्याचं व्याज भरत जा. पहिल्या वर्षी ते १,५६२ रुपये येतं, चौथ्या वर्षी ६,२५०. बऱ्याच बँका त्याबद्दल दरात एक टक्क्यापर्यंत सूट देतात, आणि मुद्दल साडेसात लाखांवरच राहिल्यानं हप्ता ९,९११ वर येतो. आईच्या शिलाईतून ६,२५० निघतील का, ते मात्र आईला विचार. या सगळ्या बोलाचालीत तिला कुणी विचारलेलं तुझ्या पत्रात कुठे दिसलं नाही.

मामांशी वाद घालू नकोस. हा हिशेब एका कागदावर उतरव, खाली ऋण ३८० लिही आणि त्यांना दाखव. तरीही ते गुंतवणूकच म्हणाले, तर बाबांच्या जागी सहकर्जदार म्हणून मामाच सही करतील का, एवढं विचार. ते काय म्हणाले ते मला कळव.